पहिले मेन स्विच

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. सकाळी उठून पाहावं तर मोबाईल म्हणतो, मेमरी फुल! मग काहीतरी डिलीट करावं म्हणून बसते आणि एकेक व्हॉइस नोट ऐकत तिथेच रमते. डिलीट काहीच होत नाही, चहा मात्र गार होतो.

काम काय ते आधी सांगते. जबलपूरच्या एका छोट्या संस्थेत मी सोशल मीडिया सांभाळते. बायका-मुलींना होणारी मारहाण थांबवायची तर बायकांशी बोलून खूप झालं, आता पुरुषांशी बोलायचं. त्यातही वडील लोकांशी, म्हणजे मुलाबाळांच्या बापांशी. आणि ते दिवसभर जिथे सापडतात तिथे जाऊन बोलायचं, म्हणजे मोबाईलवर! ही कल्पना आमच्या भोपाळच्या मॅडमची. त्या अधूनमधून येतात, बाकी व्हिडिओ कॉलवर. इथे मी आणि पप्पू भैया. पप्पू भैया आधी लग्नं शूट करायचे. त्यामुळे कोणी गंभीर बोलायला लागलं की त्यांचा कॅमेरा सवयीनं खाली उतरतो आणि मेंदीचे हात शोधतो.

आमचा पहिला व्हिडिओ फार भारी होता. काळा पडदा, रडणारी बाई, मागे उदास बासरी. टाकला आणि वाट पाहत बसलो. दिवसभरात एक कमेंट आली. "भैया, कूलर का पंप कहाँ मिलेगा?"

मे महिना होता, बिचाऱ्याचं तरी काय चुकलं! पप्पू भैयांनी लगेच उत्तर दिलं, "सदर बाज़ार में मिल जाएगा।" त्यावर त्याचं थँक्यू आलं. त्या थँक्यूला दोन लाइक्स आले. मी घाबरत घाबरत मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "चला, संवाद तर सुरू झाला!"

*

मग ठरलं, आधी माणसं शोधायची आणि मग व्हिडिओ. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये वडील लोकांची मीटिंग बोलावली. इथली मराठी माणसं म्हणजे कोणी डिफेन्सच्या कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी केंद्र सरकारच्या ऑफिसात. सगळी वेळेवर आली. पण सगळीच्या सगळी बायकोला घेऊन! मेसेजमध्ये 'महिलांवरील हिंसा' असं लिहिलं होतं ना. प्रत्येकाला वाटलं, आपली तपासणी आहे, साक्षीदार जवळ असलेला बरा.

रेल्वे ऑफिसातले कुकडे तर हॉलमध्ये शिरताशिरताच म्हणाले, "ही आमची मिसेस. विचारून घ्या तिला!"

मिसेसनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

मी बोलायला लागले. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं की हा प्रकार फार वाईट आहे, आणि आपल्यात अजिबात नाही. तो दुसऱ्या वस्तीत असतो. दुसऱ्या वस्तीत मीटिंग घेतली असती तर त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आता समोसे वाटायच्या विचारात होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. हे बोंद्रे काका. कारखान्याच्या सेफ्टी सेक्शनमधून रिटायर झालेले. म्हणजे नोकरी संपली, सेफ्टी संपली नाही.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "ज्या शॉपमधून 'आमच्याकडे काहीच होत नाही' असा रिपोर्ट येऊन राहिला, समजून जा, तो शॉप सगळ्यात डेंजर."

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. कारखान्यात शॉप म्हणजे मशीनचा विभाग. अर्ध्या हॉलनं तिथे जन्म काढलेला.

"पाना वरून पडला, कोणाच्या डोक्यात नाही बसला. त्याला आपण काय म्हणतो?"

चारपाच आवाज एकदम आले, "निअर मिस!"

"रिपोर्ट करतो की नाही?"

"करतो!"

"काहून करतो? लागलं तर कोणालाच नाही."

घाटोळे काका म्हणून एक फिटर पुढे बसले होते. ते हळूच म्हणाले, "आज नाही लागला, उद्या लागते म्हणून."

"शाबास! मग घरात ताट आपटलं, कोणाला लागलं नाही, ते काय झालं?"

कुकड्यांच्या मिसेसनी पंख्यावरची नजर काढली आणि मिस्टरांकडे पाहिलं.

*

अशा रीतीने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. नाव 'निअर मिस'. फक्त वडील लोक, आणि ॲडमिन म्हणून मी. नियम बोंद्रे काकांचे. काय घडलं, काय घडू शकलं असतं, मूळ कारण आणि उपाय, एवढंच व्हॉइस नोटमध्ये सांगायचं. रडगाणं नको, भाषण नको, आणि गुड मॉर्निंगचं फूल टाकलं तर समज देण्यात येईल!

आठवडाभर ग्रुप चिडीचूप. मग कुकडे पहिले उतरले मैदानात.

"वरण खारट होतं. मी ताट सरकवलं. जोरात. ताट पडलं नाही, पण पोरगी दचकली. निअर मिस."

बोंद्रे काका: "मूळ कारण?"

"वरण."

"पुन्हा तपासा."

मग कुकडे: "ऑफिसात साहेबानं सगळ्यांसमोर झापलं होतं."

बोंद्रे काका: "मग ताट साहेबाकडे सरकवायचं होतं!"

त्यावर इतके हसरे चेहरे आले की माझा मोबाईल हँग झाला. पण दुसऱ्या दिवसापासून व्हॉइस नोटची रांग लागली. कोणी दार आपटलं होतं, कोणी पोरावर हात उचलून खाली घेतला होता. एकानं बायकोचा मोबाईल हिसकावला होता आणि परत देऊन सॉरी म्हटलं होतं. "सॉरी हिंदीत म्हटलं की मराठीत?" असं कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, "इंग्लिशमध्येच म्हणलो ना भाऊ, सोपं जाते!"

मला फार बरं वाटत होतं. खरं सांगते, आमच्या घरांतले पुरुष स्वतःहून एवढं बोलतील असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेऊन डुबकी मारायला लावली असती.

फक्त घाटोळे काका काही बोलत नसत. सगळं ऐकत, आणि प्रत्येक नोटखाली अंगठा देत.

*

घाटोळे काका माझ्याच गल्लीतले. त्यांची कांचन माझ्यापेक्षा लहान. शाळेच्या ऑटोत माझ्या शेजारी बसायची आणि शाळा येईपर्यंत माझा डबा संपवायची. तिची आई लवकर गेली, बापानंच वाढवली. लग्न होऊन ती कटनीला गेली. माणसं मराठीच, पण तिकडे घरात सगळं हिंदी.

काकांचा तिला रोज संध्याकाळी फोन असतो. फोन झाला की ते फाटकाशी येऊन उभे राहतात. एकदा जाताजाता मी सहज विचारलं, "कशी आहे कांचन?"

"हिंदीत बोलून राहिली," काका म्हणाले.

मला काही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. "आपल्याशी ती मराठीतच बोलते ना बेटा. पण बाजूले कोणी उभं असलं की हिंदीत. 'सब ठीक है पापा, सब ठीक है।' पहिले कधीतरी असं होत होतं. आता रोजच हिंदीत आहे."

मी म्हटलं, "काका, तुम्ही जाऊन पाहत का नाही?" तर ते फाटकाची कडी वरखाली करत राहिले आणि म्हणाले, "ती सांगत नाही, तर मी काय सांगून जाऊ?"

तेव्हापासून ग्रुपवर काकांचा अंगठा दिसला की मला कांचन आठवायची. ती एक दिवस मराठीत सांगेल का? आणि सांगितलं तर हा माणूस काय म्हणेल? मला त्याचीच जास्त धास्ती होती.

*

त्याच सुमारास ग्रुपवर एक ऐतिहासिक घटना घडली. बोंद्रे काकांच्या नंबरवरून व्हॉइस नोट आली आणि आवाज बाईचा!

"नमस्कार. मी मिसेस बोंद्रे. साहेब अंघोळीला गेले आहेत. साहेबांचा एक निअर मिस रिपोर्ट करायचा आहे. काल मॅच पाहताना मी मध्ये भाजी काय करू विचारलं, तर साहेबांनी रिमोट फेकला. गादीवर पडला म्हणून वाचला. काय घडू शकलं असतं, तर माझा चष्मा फुटला असता. मूळ कारण, साहेब. उपाय, आजपासून रिमोट माझ्याकडे. धन्यवाद."

इतरांची उलटतपासणी घेणारा माणूस आता काय म्हणतो? टायपिंग... टायपिंग... पुन्हा बंद. पुन्हा टायपिंग...

शेवटी बोंद्रे काकांचा मेसेज आला: "नोंद घेतली."

थोड्या वेळानं दुसरा: "भाजी मी केली. वांगी."

आणि मग कुकडे: "काकू, वांगी पास की रिजेक्ट?"

*

आता माणसं मिळाली होती, व्हिडिओ करायला हरकत नव्हती. पहिलं रील अर्थातच बोंद्रे काकांचं, त्यांच्याच घरी. काकांनी स्वतः लिहिलेलं. ते थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखून हिंदीत विचारतात, "मशीन में आदमी का हाथ फँस गया। आप पहले क्या करोगे? पूछोगे, किसकी गलती है?" मग स्वतःच मान हलवतात. "नहीं! पहले मेन स्विच बंद। फिर आदमी बाहर। पूछताछ बाद में।" आणि शेवटी, "घर में बेटी फँसी हो, तो भी यही।"

सुंदर होतं. अडचण एकच झाली. 'पहले मेन स्विच बंद' म्हणताना काकांनी बाजूच्या बोर्डावरचा खरोखरचा मेन स्विच बंद केला! खट्. घरात अंधार, पप्पू भैयांचा लाइट बंद, आणि आतून काकूंचा आवाज, "अहो, माझी चटणी!"

मिक्सर अर्ध्यात थांबला होता.

"काका, नुसता हात दाखवा ना," मी म्हटलं.

"नुसता दाखवता येत नाही," काका म्हणाले. "नोकरीभर हेच शिकवलं. हात आपोआप जातो."

पुन्हा टेक. पुन्हा खट्. पुन्हा "अहो!" शेवटी काकू पदर खोचून बाहेर आल्या आणि बोर्डासमोर उभ्याच राहिल्या. रीलमध्ये काकांचा हात बोर्डाकडे जाताजाता मध्येच थांबतो, तो अभिनय नाही. तिथे काकू आहेत.

ते रील मात्र खूप फिरलं. सदरच्या दुकानांतून फिरलं, रेल्वेच्या ऑफिसात फिरलं, कारखान्याच्या निवृत्त मंडळींनी तर एकमेकांना ते पाठवून पाठवून भंडावून सोडलं. शिव्या पण आल्या, येणारच! 'मर्दों पर भी वीडियो बनाओ', 'औरतों को सिर पर चढ़ा रहे हो', असलं बरंच. मला राग यायचा. पण त्यांना उत्तर द्यायचं काम कुकड्यांनी मागून घेतलं. रेल्वेत लोकांच्या तक्रारी ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. प्रत्येकाला एकच उत्तर: "आपकी बात सुन ली गई है। असुविधा के लिए खेद है।" पुढे भांडायला कोणाला काही उरायचंच नाही.

*

एकदा आम्ही कुंडमला गेलो. जंगलाच्या बाजूचं तहसीलचं गाव, बाजाराचा दिवस. तिथे नेटवर्क लहरी, म्हणून रील्स मोबाईलमध्ये भरून नेली होती. महुआच्या झाडाखाली दहाबारा शेतकरी जमले. बोंद्रे काका स्वतः सोबत होते, आपलंच रील लोकांना दाखवत होते. काय ऐट होती!

एका म्हाताऱ्या बाबानं रील नीट पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग त्यानं एकदा मोबाईलकडे आणि एकदा समोरच्या बोंद्रे काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहब बोलते तो बढ़िया हैं। अब इनकी घरवाली से बात कराओ, तब मानेंगे।"

सगळे हसले. काकांनी ऐटीत मोबाईल काढला, काकूंचा नंबर लावला. आणि एकदम त्यांच्या कपाळावर घाम! रिमोट आठवला असणार.

नेटवर्क मिळालं नाही. काका वाचले. परत येताना गाडीत स्वतःच म्हणाले, "पल्लवी, हा निअर मिस होता."

*

कुंडमहून आल्यावर घाटोळे काका माझ्याकडे आले. म्हणाले, "मी पण करतो एक रील."

मी दोनदा विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "हाव."

सकाळी ग्वारीघाटावर शूट ठेवलं. नर्मदेचं पाणी मागे, कोवळं ऊन, पप्पू भैया खूश. वाक्यं साधी होती. "बेटी का फ़ोन आए तो पहले यह मत पूछना कि हुआ क्या। पहले कहना, घर आ जा।"

पहिलं वाक्य काकांनी झकास म्हटलं. दुसऱ्याशी आले आणि अडकले. "पहले कहना... पहले कहना..." पुढे काही येईना. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. मी म्हटलं, "काका, जरा मोकळेपणानं." तर त्यांनी सगळा जोर लावून "घर आ जा!" असं ओरडून म्हटलं की घाटावरचे पंडितजी वळून पाहायला लागले. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, दुसरं काय!

पायरीवर फुलांच्या द्रोणांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. ती म्हणाली, "बाबूजी, बिटिया को बुला रहे हो कि नाव को?"

सगळे हसले. काका पण हसले, आणि हसताहसता खाली बसले. पाण्यात हात बुडवून तोंडावर पाणी घेतलं. मग पाण्याकडेच पाहत, कोणाशीच नाही अशा आवाजात मराठीत म्हणाले, "ये ना घरी, बेटा."

पप्पू भैया माझ्या कानाशी आले. "दीदी, कैमरे में तो देखा ही नहीं।"

मी म्हटलं, "हाच टेक घ्या." पप्पू भैयांचा कॅमेरा नेहमीप्रमाणे खाली उतरून हातांवर थांबला होता. काकांचे ते ओले, तेलाचे डाग न निघणारे हात. त्या दिवशी मी पप्पू भैयांना रागावले नाही.

*

दोन दिवसांनी त्या रीलखाली हिंदी कमेंटच्या ढिगात एक मराठी ओळ आली. खात्याला नाव नाही, फोटोच्या जागी झेंडूचं फूल.

"बाबा, हे माझ्यासाठी पण आहे का?"

ही कांचनच असणार, एवढंच डोक्यात आलं. पण काम शिकलेलं असतं तेव्हा तेच सावरतं. मी आधी ती कमेंट झाकली, कारण ती कांचनच्या घरातल्या कोणीही पाहिली असती. मग इनबॉक्समध्ये लिहिलं, "मी पल्लवी. डबा खाणारी तूच ना? आत्ता बोलता येईल का?"

उत्तर आलं, "लिहून सांगते. इथे राहायचं नाही. गेल्या दिवाळीत बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सांभाळून घे. रीलमध्ये तर कोणीही बोलतं ताई. खरं आहे का, विचारून सांगाल?"

मी विचारलं, "हे बाबांना दाखवू?" थोड्या वेळानं "हो" आलं.

संध्याकाळी मी काकांच्या फाटकाशी उभी राहिले. कारखान्यात मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सायकल लावली, चष्मा पुसला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, खाली बसतील. ते बसले नाहीत. म्हणाले, "ग्रुपवर व्हॉइस नोट लावून दे मले."

ती नोट अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. तीच डिलीट करवत नाही.

"घाटोळे बोलून राहिलो. हा निअर मिस नाही, अपघात आहे. दिवाळीत माझी पोरगी आली होती. मनगटावर वळ होता. म्हणे, बाबा, मले तिथं नाही राहायचं. मी म्हणलो, सांभाळून घे. रिपोर्ट नाही केला. दाबून टाकला. मूळ कारण... लोक काय म्हणतील, याचं भेव. उपाय मले सुचत नाही. साहेब, सांगा."

बोंद्रे काकांनी या वेळी काहीही तपासायला सांगितलं नाही. त्यांचं उत्तर तीन शब्दांचं होतं. "पहिले मेन स्विच."

कुकडे: "गाडी माझी. सकाळी निघू."

आणि बोंद्रे काकांच्याच नंबरवरून बाईचा आवाज: "मी पण येणार. पोरीजवळ बसायला कोणी नको का?"

मॅडमना फोन केला. त्यांनी कटनीच्या पोलिसांच्या महिला डेस्कचा नंबर दिला आणि बजावलं, "भांडायचं नाही. कांचनला यायचं असेल तरच आणायचं, आणि निघायचं तर ती म्हणेल तेव्हा." मी कांचनला कळवलं. तिनं लिहिलं, "बॅग भरून ठेवते. पण बाबांनी सगळ्यांसमोर चल म्हटलं तरच निघेन. पाठीमागे, गुपचूप नको."

*

आता कटनीचं सांगते.

वाटेतलं सिहोरा गाव मागे पडलं. घाटोळे काकांचे ओठ सारखे हलत होते. घाटावरचं तेच वाक्य घोकत होते.

घर चांगलं होतं. समोरच्या खोलीत कूलर धडधडत होता, टीव्हीवर बातम्या मोठ्यानं लागलेल्या. कांचनचे सासरे अगदी अदबीनं उठले. "आइए, आइए समधी जी!" जावई सोफ्याच्या कोपऱ्यात. कांचन पाण्याचा ट्रे घेऊन आली. बाही पार पंजापर्यंत ओढलेली. वडिलांना पाहून म्हणाली, "सब ठीक है पापा।"

काकांनी पाण्याचा ग्लास घेतला नाही. म्हणाले, "कांचन को लेने आए हैं।"

"ऐसे कैसे?" सासरे म्हणाले. "पहले बैठिए। दोनों तरफ़ की सुनिए। शुरुआत किसने की, किसने क्या कहा, पहले ये तो तय हो!"

"इसी से पूछिए ना," जावई म्हणाला, "ये मुझे कैसे-कैसे जवाब देती है।"

शेजारचे काका आले, सासूबाई आल्या. सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणे दोघांनाही राग आहे, कोणी म्हणे मोबाईलमुळे होतं सगळं. वर टीव्हीचा आवाज, वर कूलर. घाटोळे काका मध्ये उभे. तोंड उघडायचे, "बेटा..." म्हणायचे, पुढचं बुडून जायचं. घाटावर अडकले होते तसेच अडकले. कांचन ट्रे धरून त्यांच्याकडे पाहत होती. बॅग स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, हे मला ठाऊक होतं. ती जागची हलत नव्हती.

बोंद्रे काका भाषणाला उठू लागले. काकूंनी त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं.

तेवढ्यात घाटोळे काका वळले आणि दारातून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं! हा माणूस निघाला परत.

बाहेर व्हरांड्यात मीटरची पेटी होती.

खट्.

कूलर थांबला. बातम्या थांबल्या. पंखा दोनतीन गिरक्या घेऊन थांबला. बोलणारे सगळे अर्ध्या वाक्यात थांबून वर पाहायला लागले.

काका दारात परत आले. आता त्यांना ओरडायची गरज नव्हती. हळू आवाजात, कांचनकडे पाहत म्हणाले, "कांचन बेटा, घरी चल."

मग सासऱ्यांना हात जोडले. "पूछताछ बाद में।"

कांचननं ट्रे टीव्हीवाल्या टेबलावर ठेवला, दारामागची बॅग घेतली आणि बापाच्या बाजूला येऊन उभी राहिली. आम्ही निघालो. जावई काहीतरी म्हणत मागे आला, पण कुकडे मध्ये उभे राहून त्याला इतकंच म्हणाले, "असुविधा के लिए खेद है।"

गाव मागे पडलं. पुढच्या सीटवर घाटोळे काका, मागे काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून कांचन. एकदम काकांनी कपाळावर हात मारला.

"बोंद्रे साहेब! स्विच तर बंदच राहिला ना तिकडे!"

बोंद्रे काकांनी घसा साफ केला. अपघातानंतर लाइन पुन्हा कोणी आणि कधी चालू करायची, यावर त्यांच्याकडे एक पूर्ण लेक्चर आहे, आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. ते सुरू करणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"राहू द्या, बाबा."